सॉल्वांगचं चर्च दाखवणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न.

फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. कॅलिफोर्नियातल्या सॉल्वांगला आम्ही इतरांसारखेच निघालो होतो: पवनचक्कीसमोर फोटो, गरमागरम एब्लेस्किव्हर (गोल डॅनिश पॅनकेक) आणि परत. तुम्ही आग्रहाने बेथानिया लुथरन (प्रोटेस्टंट पंथाच्या) चर्चपाशी थांबवलंत आणि अख्खी दुपार आमच्यासाठी दिलीत.

आधी तुम्ही सनावळी सांगितलीत. बेनेडिक्ट नॉर्डेन्टॉफ्ट, येन्स ग्रेगरसन आणि पेडर हॉर्न्सिल्ड यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये सुमारे नऊ हजार एकर जमीन घेऊन डॅनिश लोकांनी हे गाव वसवलं. चर्च झालं १९२८ मध्ये. लाकडी पट्ट्यांच्या भिंतींची ती देखणी दुकानं बहुतेक त्यानंतरची. १९४७ साली ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या अमेरिकी नियतकालिकात गावावर लेख आला, पर्यटकांची रीघ लागली आणि गावाने तो डॅनिश वेश चढवला. चर्च बांधलं तेव्हा बघायला येणारं कोणी नव्हतं. गावकऱ्यांनी ते स्वतःसाठी बांधलं, म्हणून मला सॉल्वांगमधली सगळ्यात खरी वास्तू तीच वाटते.

डेन्मार्कच्या खेड्यातली चर्चं कशी असतात, हे तुम्ही वहीत चित्र काढून समजावलंत. चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंती, बुटका भक्कम मनोरा, आणि त्याच्या माथ्यावर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणारी त्रिकोणी भिंत. वीट चौकोनी, उतरत्या कडेला बसवायची तर तासावी लागते. पायऱ्या केल्या की ते काम बरंच वाचतं. इतकी साधी, गवंड्याच्या सोयीची गोष्ट! मी तिला नुसती नक्षी समजले असते.

आत गेल्यावर छताला टांगलेलं शिडाचं जहाज. डेन्मार्कच्या चर्चमध्ये अशी छोटी जहाजं टांगायची जुनी रीत; कित्येक ठिकाणी ती खलाशांनीच अर्पण केलेली. इथे तर चहूकडे डोंगर, समुद्र दिसतही नाही. तरी या शेतकऱ्यांनी जहाज टांगलं. त्याच्या दोऱ्या, डोलकाठ्या मी मान वर करून किती वेळ पाहत होते, आणि तुम्ही जराही घाई केली नाहीत.

पण माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिलं ते तुमचं शाळेबद्दलचं बोलणं. अमेरिकेतल्या डॅनिश लुथरन मंडळींत १८९४ च्या सुमारास फूट पडली. एका बाजूला नाचगाण्याला पाप मानणारे ‘इनर मिशन’वाले, दुसऱ्या बाजूला डेन्मार्कचे धर्मगुरू आणि विचारवंत ग्रुंटविग यांचे अनुयायी. माणूस आधी, ख्रिस्ती नंतर, असं ग्रुंटविग मानत. लोकगीतं, लोकनृत्य, प्रौढांसाठी लोकशाळा हे सगळं त्यांना धर्माइतकंच जवळचं. सॉल्वांगचे संस्थापक त्याच पंथातले. म्हणून लोकशाळा १९११ मध्येच सुरू झाली आणि स्वतंत्र चर्चसाठी सतरा वर्षं गेली. हा क्रम तुम्ही दाखवलात तेव्हा ती वास्तू कोणत्या माणसांनी बांधली हे मला उमगलं.

काका, स्थापत्याचं एवढं ज्ञान असून तुम्ही माझ्या अगदी प्राथमिक प्रश्नांनाही मनापासून उत्तरं दिलीत. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

जानेवारीत तंजावरला जातेय. तिथून तरंगमबाडी जवळच. तंजावरवर भोसल्यांचं राज्य असताना, १७१८ मध्ये, तिथल्या डॅनिश वसाहतीत बांधलेलं न्यू जेरुसलेम चर्च पाहायचं आहे. निघण्याआधी फोन करते. तिथे काय काय पाहायचं ते नीट सांगा.

तुमची,
एक कृतज्ञ पुतणी