काकूंचा हिरवा वाडगा

ठाणे, नौपाडा
रविवार रात्र

प्रिय मंदे,

गणपतीत तुझं पत्र आलं, तुळशीचं लग्नही होऊन गेलं आणि मी आज लिहायला बसलेय. रागावली असशील तर तो राग रास्तच आहे. गुडघा बरा आहे, शुगर होती तिथेच आहे.

आमची बिल्डिंग पाडायला घेतायत, पुढच्या महिन्यात घर रिकामं करून द्यायचंय. परवा माळ्यावरून आईची पत्र्याची ट्रंक उतरवली. तळाशी तिच्या जुन्या पातळात गुंडाळलेला हिरवा काचेचा वाडगा. मंदे, तोच. तुझ्या आईचा, आमच्या काकूंचा!

मी तिथेच जमिनीवर बसले. सातवीत ज्याच्यावरून आपण दोन महिने बोललो नव्हतो तो. "तूच फोडलास आणि तुकडे मासुंदा तळ्यात टाकलेस," असं तू मला गोखले रोडवर सगळ्या मुलींसमोर म्हणालीस आणि मी तुझी भूगोलाची वही भिजवली. काकूंनी तुला मारलं ते वेगळंच. आणि वाडगा आमच्या घरात! तुमच्याकडून श्रीखंड घालून आला असेल, रिकामा कसा परत द्यायचा म्हणून आईने ठेवला असेल, मग एवढा आरडाओरडा झाल्यावर द्यायची लाज वाटली असेल. तिच्या वतीने मी तुझी माफी मागते, मनापासून.

आधी खात्री करून घेतली. काठावरून बोट फिरवलं. ताक घुसळताना तुझ्या हातून रवी आपटून उडालेला टवका, तांदळाच्या कणीएवढा, जागच्या जागी आहे. बाजूला साच्याच्या सांध्याच्या बारीक उभ्या रेघा लागतात. बूड तर आडव्यातिडव्या ओरखड्यांनी धुरकटलंय. ओट्यावर वर्षानुवर्षं सरकवल्याशिवाय काचेला तसं होत नाही. भाचा म्हणाला, काही जुन्या हिरव्या काचेत रंगासाठी युरेनियम घालायचे, तशी काच जांभळ्या दिव्याखाली चमकते. मला पटेना. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे, तिथे वाडगा घेऊन गेले. त्याने शटर अर्धं ओढलं, ट्यूब बंद केली, दिवा लावला. मंदे, वाडगा पेटला गं! कोवळा पोपटी, आतून उजेड फुटल्यासारखा. शेजारची सोड्याची हिरवी बाटली मात्र काळीच राहिली. वाण्याने दोनदा पुन्हा लावून बघितला.

आता जे मला दोन रात्री झोपू देत नाहीये ते. बुडाला एक चिन्ह आहे, मोठा इंग्रजी एच आणि त्याच्या पायांत बारका ए. आपण ते कधी बघितलंच नव्हतं. ते अमेरिकेतल्या हेझल-अ‍ॅटलस कंपनीचं. 1930 च्या सुमाराला, तिकडच्या मंदीत, असली हिरवी-गुलाबी भांडी मशीनवर ढिगाने निघायची आणि अगदी स्वस्तात जायची. म्हणजे वाडगा ओगलेवाडीच्या काचकारखान्यातला नाही.

काकू किती अभिमानाने सांगायच्या! ओगल्यांचा 1916 सालचा कारखाना, प्रभाकर कंदील, आणि हा वाडगा त्यांच्या वडिलांनी, अप्पांनी, तिथे स्वतःच्या हाताने साच्यातून काढलेला, अस्सल स्वदेशी. हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीला तो खिडकीशी धरून बघायला लावायच्या. काकू गेल्यावर ती गोष्टच तर तुझ्याकडे राहिली, आणि ती मी मोडायची? अप्पा कारखान्यात होते यात खोटं काहीच नाही. मला वाटतं, विलायती काच कशी असते ते बघायला त्यांनी तो आणला असेल आणि लेकीला देताना गोष्ट थोडी वाढली असेल. गप्प बसावं असंही मनात आलं. पण एक गोष्ट आमच्या घराने जवळजवळ पन्नास वर्षं दडवली, दुसरी माझ्याच्याने दडवली जाणार नाही.

जुन्या वस्तू घेणारा एकजण भाव विचारत आला होता. मी दार लावून घेतलं.

सुनेचं बाळंतपण नीट झालं ना? बाळाचं नाव काय ठेवलंत? भाऊजींची पेन्शन सुरू झाली का?

वाडगा कुरिअरने पाठवणार नाही, मांडीवर ठेवून घेऊन येईन. त्यात कढत दूध ओतू नकोस, तडकेल. आणि युरेनियमची काच ना, लोणचं, चिंच असलं आंबट तर ठेवूच नकोस. आणि रिकामा आणणार नाही गं. श्रीखंड आणू की बासुंदी, ते लवकर कळव.

तुझी,
शुभा