आऱ्याविषयी आई-बाबांना

राजेंद्रनगर, इंदूर

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर आपल्या लाकूड चिरायच्या आऱ्याचा विषय निघाला की तुम्हाला खोकल्याची उबळ येते आणि बोलणे अर्धवट राहते, म्हणून लिहिते आहे. या वेळी आऱ्याच्या परवान्याचे नूतनीकरण करायचे नाही, असे दादाने आणि मी ठरवले आहे आणि वनखात्याला तसे लेखी कळवलेही आहे. तुमच्यासमोर हे बोलणे दादाला जमले नसते, म्हणून सांगण्याचे काम मी घेतले. त्याच्यावर रागावू नका.

धंदा मंदावला म्हणून आम्ही हात आखडते घेतले, असे कृपया समजू नका. वनखात्याच्या डेपोवरच्या लिलावात साग परवडेनासा झाला, दारे-खिडक्या लोखंडाच्या आणि प्लायच्या होऊ लागल्या, तरी तुम्ही डगमगला नाहीत. 1996 च्या डिसेंबरात जंगले वाचवण्यासाठीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि जिल्ह्यातले सगळे आरेवाले धास्तावले, तेव्हाही तुमची आवक-जावकीची रजिस्टरे बघून तपासणीला आलेले साहेब चहा घेऊन परत गेले होते. 2002 नंतर न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय समितीच्या आणि 2016 पासून राज्यस्तरीय समितीच्या मंजुरीवाचून नवा परवाना मिळेनासा झाला, त्यामुळे ‘एकदा सोडला की गेला’ हे तुमचे म्हणणे अगदी खरे आहे. ते पुरते ठाऊक असूनच आम्ही तो सोडतो आहोत.

कारण एकच, तुमची छाती. लाकडाच्या बारीक धुळीची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच कर्करोगकारकांत केली आहे. आई, घाबरू नकोस, बाबांना तसे काहीही नाही; डॉक्टरांनी दमा सांगितला आहे आणि तो आटोक्यात राहतो. मात्र आऱ्याचा पट्टा फिरत असेपर्यंत बाबा घरात बसणार नाहीत, हे तुलाही माहीत आहे.

बाबा, मला गणित शाळेने नव्हे, तुम्ही शिकवले. फेट्याच्या टोकाने सालीवरची माती पुसून तुम्ही ओंडक्याला टेप गुंडाळायचात आणि मी घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून लांबीने गुणायची, मग 144 ने भागायची. घेर 48 इंच आणि लांबी 10 फूट, म्हणजे 10 घनफूट. खरे माप पावणेतेराच्या जवळ जाते, मग बाकीचे कुठे गेले, असे मी विचारले तेव्हा ‘ते कटाईत आणि भुशात जाते, ते गिऱ्हाइकाकडून घ्यायचे नसते’ असे तुम्ही म्हणाला होतात. आजही कुणाचा हिशेब करताना मला ते आठवते.

मिस्त्रीकाकांची चिंता करू नका. त्यांचा हिशेब दादाने पूर्ण केला आहे आणि पाती घासायचे यंत्र त्यांनाच दिले आहे; फर्निचरवाल्यांच्या पात्यांना धार लावून त्यांचे घर चालेल. टिमरनीचे घर विकायचे नाही. दिवाळीला आपण सगळे तिथेच असू.

आता तुम्ही दोघांनी इकडे इंदूरला राहायला यायचे. इथे तुमची खोली तळमजल्यावर आहे. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला आहे, खिडकीखाली आईच्या तुळशीला सकाळचे ऊन मिळेल आणि आजोबांनी चिरलेल्या सागाच्या देव्हाऱ्यासाठी भिंत मोकळी ठेवली आहे. शेजारीपाजारी बहुतेक मराठीच आहेत, आईला हळदीकुंकवाला सोबत शोधावी लागणार नाही. येताना हंडियाच्या पुलाअलीकडे गाडी थांबवू, आईला नर्मदामाईचे दर्शन निवांत घेऊ दे.

आता मी सांगते तेवढे मुकाट्याने ऐकायचे. शेडमधला भुसा बाबांनी झाडायचा नाही. दादा माणूस पाठवील. भंगारवाल्याला दादा आल्याशिवाय आत घ्यायचे नाही. सगळी रजिस्टरे लोखंडी कपाटात कुलपात ठेवा, खात्याने मागितली तर पोच घेतल्याशिवाय एकही देऊ नका. आणि बाबा, दम्याचा पंप दोन्ही वेळा घ्यायचा, बरे वाटले तरी घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. आई, तू समोर उभी राहा.

तुमची,
बेबी