उड्डाणमार्गाची फाइल मागवायला लावल्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

जंगलाच्या हवाई लेझर सर्वेक्षणातील तीव्रतेच्या (परतलेला लेझर प्रकाश किती प्रखर आहे याच्या) नोंदी दुरुस्त करण्यासाठी आपण जो वेळ दिलात, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानतो.

डोंगरमाथ्यावरची झाडे उजळ आणि दरीतली काळपट दिसत होती, आणि हा फरक झाडांच्या जातींचाच आहे असे मी जवळजवळ ठरवून टाकले होते. आपण विचारलेत, "विमान दोन्हीपासून किती अंतरावर होते?" माथ्यापासून ८०० मीटर, दरीच्या तळापासून १२०० मीटर. परतणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणून तसेच पान माथ्यावर सव्वादोन पट उजळ नोंदले जाते, हे आपण कागदावर मांडून दाखवलेत, तेव्हा माझा जातींचा नकाशा बऱ्याच अंशी उंचीचाच नकाशा होता हे लक्षात आले.

शेजारच्या पट्ट्यांच्या (विमानाच्या एकेका फेरीत मोजलेल्या भागांच्या) तीव्रतेच्या सरासऱ्या जुळवून मोकळे होण्याचा माझा विचार आपण मान्य केला नाहीत, कारण दोन पट्ट्यांखालचे जंगलच वेगळे असेल तर त्यात खरा फरकही पुसला जातो. त्याऐवजी प्रत्येक बिंदूचे विमानापासूनचे अंतर काढण्यासाठी आपण उड्डाणमार्गाची फाइल, म्हणजे विमान कोणत्या क्षणी कुठे होते याची नोंद, मागवायला लावलीत. ती आली, पण लेझरने मोजलेल्या बिंदूंच्या वेळा तिच्याशी जुळेनात. मार्गाच्या फाइलमध्ये जीपीएस आठवड्याचे सेकंद (दर आठवड्याला शून्यापासून मोजलेले) होते, तर बिंदूंच्या फाइलमध्ये १ अब्ज वजा केलेली प्रमाण जीपीएस वेळ (सलग मोजलेले सेकंद) होती. ही गफलत आपण आकड्यांवर नजर टाकताच ओळखलीत. मी मात्र तिच्यात दोन दिवस अडकलो होतो.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे, वर्गाचा नियम पालवीला डोळे झाकून लावू नये, हे आपण बजावलेत. झोत पूर्ण व्यापणाऱ्या पृष्ठभागासाठी अंतराचा घातांक २ योग्य असतो. झोतापेक्षा लहान लक्ष्यासाठी तो ४ पर्यंत जातो, आणि पानाफांद्यांचे जंगल यांच्या अधेमधे कुठेतरी बसते. म्हणून पट्टे जिथे एकमेकांवर येतात, तिथल्या त्याच झाडांवरून आम्ही घातांक ठरवला. वरच्या पानांनी ऊर्जा वाटून घेतल्यावर खालच्या फांदीचे जे क्षीण परावर्तन येते, ते अंतराच्या दुरुस्तीने सुधारत नाही. त्यामुळे लेझरच्या एका स्पंदाला (प्रकाशाच्या एका ठोक्याला) एकच परावर्तन असलेले बिंदू वेगळे ठेवले. स्कॅनरची स्वयंचलित लाभ-नियंत्रण सुविधा (परतणाऱ्या प्रकाशानुसार संवेदनशीलता आपोआप बदलणारी) बंद होती ना, हेही आपण आधीच तपासायला लावले होतेत.

दुरुस्तीनंतर पट्ट्यांच्या कडांवरच्या रेघा गेल्या आणि माथा व दरी यांच्यातील तफावत बरीच ओसरली. जी उरली आहे, ती आता झाडांपाशी जाऊन पडताळत आहोत.

आपला कृतज्ञ,
एक सर्वेक्षक