नुसत्या चित्राला कुंपण नको, अख्खा सडा राखा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुलै २०२५ मध्ये सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे आपले किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. सगळ्या कोकणाला आनंद झाला, मलाही झाला. पण युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत, म्हणजे पुढे वारसा दर्जा मिळू शकेल अशा जागांच्या यादीत, २०२२ पासून कोकणातली कातळशिल्पंही आहेत, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी, गोव्यातलं फणसमाळ अशा या नऊ जागा. त्यांची नावं निदान पेपरात येतात. सड्यांवर, म्हणजे कोकणातल्या उघड्या जांभ्या कातळाच्या माळांवर, इतरत्र शेकडो चित्रं आहेत आणि त्यांना विचारणारं कोणी नाही. त्यांच्यासाठी हे पत्र.

आमच्या गावच्या सड्यावर पाकट या चपट्या माशाचं एक चित्र आहे. शेपटी लांब, सरळ, रेघ दोन बोटं खोल आणि अजून धारदार. मे महिन्यात कातळ काळा पडतो तेव्हा शेजारी उभं राहूनही ते चटकन दिसत नाही. पहिल्या पावसात रेघेत पाणी साठलं की अख्खा मासा उमटतो. गावातले जुने लोक ही पांडवांची कामं म्हणायचे आणि त्यावरून चप्पल घालून जाऊ द्यायचे नाहीत. चार पावलांवर चौकटींचं आणखी एक चित्र होतं. ते आता नाही. तिथे चिरेखाण लागली, कटर फिरला, ओळीने चिरे निघाले आणि ट्रकमधून गेले. त्या चिऱ्यांची कुठेतरी घरं उभी राहिली असतील.

मी तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होते. तक्रार घेऊन गेले तर उत्तर मिळालं की परवानगी रीतसर आहे. आणि ते खरंच होतं, कायदा कोणीच मोडला नव्हता. माझं सगळं दुखणं इथेच आहे.

प्राचीन स्मारकांचा केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. शंभर वर्षांहून जुनं खडकातलं शिल्प केंद्राच्या कायद्याच्या व्याख्येत बसतं. पण संरक्षण मिळतं ते अधिसूचना निघाल्यावर. ती निघाली की केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर बांधकाम आणि खाणकामाला मनाई, त्यापुढे २०० मीटर नियंत्रण, आणि मोडतोड केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. अधिसूचना निघाली नसेल तर यातलं काहीच लागू नाही. तात्पुरत्या यादीत नाव असणं हे काही कायद्याचं संरक्षण नव्हे. जे चित्र अजून कोणी नोंदवलंच नाही, ते सरकारच्या लेखी नुसता जांभा दगड, म्हणजे गौण खनिज.

सातबाऱ्यावर सड्याची नोंद काय असते? पोटखराबा. म्हणजे पिकाच्या उपयोगाची नाही अशी जमीन. महसुलाच्या हिशेबाने ते बरोबर असेल, पण त्या एका शब्दावर पुढचे सगळे निर्णय उभे राहतात. ‘पडीक कातळ आहे, जाऊ दे’ हे वाक्य मी सभेत कितीदा ऐकलं आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच पडीक कातळावर सीतेची आसवं फुलतात, जांभळा गालिचा होतो. मूठभर मातीत गेंद आणि तेरडा उगवतो. दीपकाडीसारखी वनस्पती तर कोकणाबाहेर कुठे सापडत नाही. डबक्यांमध्ये बेडूक अंडी घालतात, गुरं चरतात. आणि सच्छिद्र जांभ्यातून मुरलेलं पाणी खालच्या वाडीच्या विहिरींना येतं. पाहणीसाठी माणसं येतात ती मात्र बहुतेक उन्हाळ्यात, कारण तेव्हा गाडी वरपर्यंत जाते. एप्रिलमध्ये सडा बघून ‘येथे वनस्पती आढळली नाही’ असं लिहिणाऱ्या अहवालाला मी अहवाल मानत नाही.

म्हणून चित्राभोवती चार खांब रोवून तार ओढली की काम झालं, हे मला पटत नाही. चित्र खोदणाऱ्यांनी जागा निवडली ती सडा पाहून. कशेळीच्या प्रचंड हत्तीच्या अंगात कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. दुसरीकडे गेंडा, पाणघोडा असे आज इथे न दिसणारे प्राणी आहेत. ते कोणी, कधी, कशासाठी काढले याचा शोध अजून चालू आहे. आजूबाजूचा कातळ, पाण्याच्या जागा, दगडाची हत्यारं हाच त्या शोधाचा पुरावा. तोच खणून नेला तर उरलेल्या चित्राचा अर्थ लावायचा कशावरून?

जमीनमालकांचीही बाजू मांडते, कारण आम्हीही त्यांच्यातलेच. सड्याची जमीन बहुतेक सामाईक. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मी मुंबईला. जागा संरक्षित झाली तर आपल्याला काहीच करता येणार नाही, मोबदलाही मिळणार नाही, ही भीती खरी आहे. त्या भीतीने लोक चित्र सापडलं तरी बोलत नाहीत. कोणी माती लोटून झाकतं, कोणी आधीच खाणीला देऊन टाकतं. नुसती शिक्षा वाढवली तर हे प्रकार वाढतील.

यावरचा उपाय कायद्यातच आहे. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ प्रमाणे राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून एखाद्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ घोषित करू शकतं, आणि त्यामुळे ज्यांचं आर्थिक नुकसान होईल त्यांच्यासाठी भरपाईची योजना करणं त्याच कलमाने सरकारवर बंधनकारक आहे. सिंधुदुर्गात आंबोलीच्या महादेव मंदिराचा परिसर एका छोट्याशा माशासाठी २०२१ मध्ये असा घोषित झाला. दोडामार्गात बांबर्डे-हेवाळे इथल्या मिरिस्टिकाच्या (जायफळाच्या कुळातल्या झाडांच्या) दलदलीलाही हा दर्जा आहे. मग रत्नागिरीच्या सड्यांना का नाही? पुरातत्त्व खात्याने चित्र बघायचं, जैवविविधता मंडळाने फुलं बघायची, महसूल खात्याने दगड मोजायचा, आणि तिघांनी एकमेकांना विचारायचं नाही, हे थांबलं पाहिजे. एकाच सड्याचा एकच प्रस्ताव तिघांनी मिळून करावा. सापडलेल्या प्रत्येक चित्राची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात व्हावी, म्हणजे मुंबईत बसून जमीन घेणाऱ्यालाही ती कळेल. सड्यावर गौण खनिजाचा किंवा बिगरशेतीचा परवाना देण्याआधी पुरातत्त्व पाहणी सक्तीची करा. ती एकदा पावसाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात व्हावी.

बारसूचा सडा २०२३ मध्ये सगळ्या महाराष्ट्राला कळला तो तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादामुळे. प्रकल्प हवा की नको यावर गावागावांत मतं वेगळी आहेत, त्यात मी इथे शिरत नाही. पण वारसा आधी नोंदायचा आणि जागा मग ठरवायची, एवढा क्रम तरी कायद्याने बांधून द्यायला हवा. उक्षीत गावाने पुढाकार घेऊन हत्तीच्या चित्राभोवती कठडा बांधला. प्रत्येक गावाला ते जमेलच असं नाही, आणि खाणीची परवानगी काही गाव देत नाही.

पावसाळा सरला की चिरेखाणींचे परवाने पुन्हा सुरू होतील. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी निदान राजापूर आणि रत्नागिरी तालुक्यांतल्या सड्यांवरचे नवे अर्ज पाहणी होईपर्यंत थांबवावेत. आमच्या गावच्या जैवविविधता समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडं-प्राण्यांची नोंद ठेवणारी वही) आहे आणि पाकटाच्या चित्राची मापं तिच्यात लिहिलेली आहेत. अधिकारी येणार असतील तर पावसातही सड्यावर घेऊन जायला आम्ही तयार आहोत.

आपली,
एक माजी ग्रामपंचायत सदस्य,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी