दिंडीतल्या त्या आजोबांना

2019 ची आषाढी वारी. दारू सोडून जेमतेम तीन आठवडे झालेले, बायको लेकीला घेऊन माहेरी. दिवे घाट चढून सासवडला मुक्कामी पोचलो आणि तलफ अशी उसळली की पिशवी उचलून निघालोच. दिंडीतले एक आजोबा आडवे आले. विचारलं काहीच नाही. चहा दिला, माझे हात थरथरत होते, म्हणून पेला संपेपर्यंत खालून धरून ठेवला. रात्री माझीच पिशवी उशाला घेऊन शेजारी झोपले.

पंढरपुरात गळ्यात तुळशीची माळ घातली, स्वतःचा मोबाईल हातात दिला. "घरी लाव."

ती बोलली नाही, पण फोन ठेवलाही नाही.

आता लेक संध्याकाळी हरिपाठाला माझ्याशेजारी बसते. सगळे तुम्हाला माउलीच म्हणायचे, नाव विचारायचं राहिलं. माउली, मनापासून आभार.