मानेवरच्या व्रणाबद्दल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर विचारलंस, "आई, माझ्या मानेचं ऑपरेशन नक्की कशासाठी केलं होतं?" वेणी घालताना मैत्रिणीला व्रण दिसला म्हणे. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

तू जन्मलीस तेव्हा तुझी पावलं सुजलेली होती आणि मानेची कातडी सैल होती. "उतरेल," असं सांगितलं गेलं, मीही मानलं. सूज उतरली, पण दोन्ही बाजूंना कानामागून खांद्यापर्यंत कातडीचा पडदा राहिला. तो दिसू नये म्हणून मी तुझ्या वेण्या कानाखाली सैल बांधायचे. सात वर्षं मी ती खूण झाकत राहिले गं. अजून टोचतं.

उंची वाढेना म्हणून गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तुझे केस उचलून मान पाहिली, केस किती खालपर्यंत उगवलेत ते पाहिलं आणि रक्त गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवलं. ४६ ऐवजी ४५, एक एक्स गुणसूत्र कमी. टर्नर सिंड्रोम. दोन-अडीच हजार मुलींत साधारण एकीला असतो, आणि त्यात आईबापाचं काही चुकलेलं नसतं. पोटात असताना मानेत लसिका, म्हणजे शरीरातला पाण्यासारखा द्रव, साठते, ती ओसरली तरी ताणलेली कातडी तशीच राहते. मग किडनीची सोनोग्राफी झाली, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. महाधमनीची झडप तीनऐवजी दोन पाकळ्यांची निघाली. मानेनेच आपल्याला हृदयापर्यंत नेलं.

ऑपरेशन मात्र तू मागितलंस, दहाव्या वर्षी. "मला पोनी बांधायचीय." बाजूने झेडच्या आकारात छेद घेऊन कातडीचे त्रिकोण अदलाबदल करता येतात, पण त्यात केसाळ कातडी पुढे येते आणि व्रण समोर दिसतो. म्हणून सर्जननी मागून केलं: जादा कातडी आणि तिच्याखालचा घट्ट पापुद्रा काढला, उरलेली कातडी मागे ओढून शिवली. केसांची रेषाही वर गेली. अशा मुलींचे व्रण जाड होऊ शकतात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून रोज रात्री तुला पालथं झोपवून मी सिलिकॉन जेल चोळायचे. डावीकडचं टोक तरी उंचावलंच.

मैत्रिणीला काय सांगायचं ते तू ठरव. इको मात्र चुकवू नकोस. जुने रिपोर्ट निळ्या फाइलमध्ये आहेत, दिवाळीला आलीस की घेऊन जा.

तुझी,
आई