नारळी पौर्णिमेच्या रात्री

अश्दोद, इस्रायल,
ऑगस्ट, रविवार दुपार

प्रिय बाय,

परवा फोनवर तू विचारलंस, "लेकाच्या लग्नात काय काय वाजवलंत गं?" आणि मी "सगळं छान झालं" म्हणून फोन ठेवला. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, धड बोलताच येईना. आज सगळे आपापल्या गावी गेले, मेंदीची भांडीसुद्धा घासून झाली. आता बैजवार लिहिते.

लग्न 'तू बाव'ला झालं, म्हणजे आपल्या ज्यू पंचांगातल्या अव महिन्याच्या पौर्णिमेला. तुमच्याकडे त्याच रात्री नारळी पौर्णिमा. मिश्ना या आपल्या जुन्या धर्मग्रंथात लिहिलंय की या दिवशी यरुशलेमच्या मुली पांढरे कपडे घालून द्राक्षमळ्यांत नाचायला जात, आणि ते कपडे एकमेकींकडून उसने घेतलेले असत, जिच्याकडे नाहीत तिला लाजायला नको म्हणून. मला ती उसन्या कपड्यांची गोष्ट फार आवडते. हल्ली या दिवसाच्या मागेपुढे इथे लग्नांची झुंबड असते, कारण त्याआधीचे तीन आठवडे शोकाचे. लग्न नाही, वाद्य नाही, आणि शेवटी बिरड्याचा सण, म्हणजे यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास. त्या दिवशी मी तुझ्या आईच्या पद्धतीने वालाचं बिरडं केलं होतं. मोड आलेले वाल सोलताना अलिबागची इस्रायल आळी डोळ्यांपुढून हलेना.

आता गाण्यांचं. हॉल ठरल्यावर डीजेने एक फॉर्म पाठवला. मुलाच्या प्रवेशाचं गाणं कोणतं, मुलगी हुप्पाकडे, म्हणजे लग्नाच्या मांडवाकडे येईल तेव्हा कोणतं, विधीच्या शेवटी नवऱ्याने काच फोडल्यावर कोणतं, दोघांच्या नाचाचं कोणतं. मुलाने सगळे रकाने भराभर भरले. प्रवेशाला एका नावाजलेल्या गायकाचं रेकॉर्ड केलेलं गाणं. गाणं वाईट नव्हतं, शब्दही सुरेख होते. पण ते दुसऱ्या कुणाच्या गळ्यातलं होतं. मी त्याला म्हटलं, "बाळा, आपल्या बेने इस्रायलींत नवरी येते तेव्हा नवरा स्वतः गातो. तुझ्या पप्पांनी गायलं, आजोबांनी गायलं. तू 'योनाती' गायचंस."

तो म्हणाला, "आई, मला येत नाही." आणि ते खरंच होतं. लहानपणापासून दरवर्षी मलिद्याच्या विधीला बसलाय, तिथलं 'एलियाहू हन्नाबी' गाणं त्याला झोपेतसुद्धा म्हणता येईल. पण 'योनाती' लग्नाशिवाय कोण गातं? आणि आपल्या लोकांची लग्नंसुद्धा आता डीजेच लावतात, तर पोरांच्या कानावर ते पडणार कुठून?

मग मी ती कॅसेट काढली. आमच्या लग्नाची, १९८६ची, अलिबागच्या मशिदीतली. (सिनेगॉगला आपण मशीद म्हणतो हे सुनेला सांगितलं, तर तिचा विश्वासच बसेना.) तुला आठवतं ना, हे तेवाजवळ, तोरा वाचायच्या चौथऱ्याजवळ उभे होते, तोंडावर मोगऱ्याच्या माळांचा शेरा, आणि मी पांढऱ्या साडीत दारातून आत येत होते. "माझ्या पारव्या, तुझ्या रूपाचं तेज" असं हिब्रूत सुरू झालं आणि माझे पायच थांबले. तू मागून ढकललंस मला! ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, बाय. तो आवाज मुलाने त्यानंतर ऐकलाच नव्हता. पहिल्यांदा कॅसेट लावली तेव्हा आम्ही दोघं काही न बोलता बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "परत लाव."

आठवडाभर शिकला आणि शोकाचे तीन आठवडे लागले. कॅसेट बंद. तो नुसते शब्द पुटपुटत कामावर जायचा. बिरड्याच्या सणाचा उपास सुटल्यावर पाचच दिवस हातात होते.

त्यात मेंदी. सून येमेनी ज्यू घरातली आहे. त्यांच्यातही लग्नाआधी मेंदीची रात्र असते, म्हणून दोन्ही घरांनी मिळून एकच केली. तिच्या आजीच्या हातात काय होतं सांगू? एक पत्र्याचा डबा. शेजारच्या बाईपुढे तांब्याचं ताट. बाकी एकही वाद्य नाही. मी विचारलं तेव्हा कळलं की इसवी सन ७०मध्ये यरुशलेमचं आपलं मंदिर पडलं, त्या दुःखात त्यांच्या लोकांनी वाद्यं दूर ठेवली. पण लग्नात ताल तर हवाच, मग घरातलं भांडंच वाजवायचं! पुरुषांनी शालोम शबाझी या त्यांच्या कवीची पदं म्हटली, सतराव्या शतकातली, हिब्रू नि अरबी मिसळलेली. बायकांची गाणी मात्र सगळी त्यांच्या अरबीत. मला एक अक्षर कळलं नाही, तरी नवरीला आई सोडून जायचंय हे कळत होतं. मग आमच्या दिमोना आणि लोदच्या बायकांनी ढोलकी घेतली, मराठीतली गाणी काढली, आणि थोड्या वेळाने आजीचा डबा आमच्या ढोलकीला साथ करू लागला. मुलाच्या उजव्या हाताच्या बोटाला मेंदी लावताना मी रडले. त्याला कारण ती मराठी गाणी.

तू 'हावा नगिला' या गाण्याचं विचारलंस. नाही गं, इथे आता लग्नात ते फारसं कुणी लावत नाही, अमेरिकेतल्या लग्नांत अजून चालतं. ती चाल मुळात पूर्व युरोपातल्या सादिगुराच्या हसिदी, म्हणजे भक्तिपंथी ज्यू लोकांची, बिनशब्दांची. इदेलसोन नावाच्या संगीत-अभ्यासकाने १९१५च्या सुमारास ती यरुशलेममध्ये टिपून ठेवली आणि नंतर तिच्यावर शब्द बसवले. चाल एकीकडून आली, शब्द दुसरीकडून. आपले कीर्तनकार १८८०पासून हेच तर करत आले, तोरा या आपल्या धर्मग्रंथातल्या गोष्टी मराठी चालींवर. त्यामुळे चाल उसनी आहे म्हणून मला कधी वाईट वाटत नाही. गळा उसना आणला की वाटतं.

आता लग्नाची रात्र. डीजेला सांगून ठेवलं होतं, त्याने सगळं बंद केलं. एवढा मोठा हॉल, पेल्यांची किणकिण चाललेली, आणि माझा मुलगा माइक हातात घेऊन हुप्पाखाली उभा. सुरुवात खालच्या पट्टीत केली, अगदी ह्यांच्यासारखी. नवरी निघाली. दुसरं कडवं झालं आणि तिसऱ्याला तो थांबला. शब्द गेले. माझ्या छातीत धस्स झालं. तेवढ्यात उजव्या बाजूच्या टेबलावरून बेरशेबाचे एक म्हातारे काका उठले आणि पुढची ओळ म्हणू लागले. मग आणखी एक. मग बायका. बाय, आपली सगळी जुनी माणसं उभी राहून गात होती, पेणची, रोह्याची, पनवेलची, आणि माझा मुलगा त्यांच्यामागून ओळ पकडत होता. नवरी हुप्पापाशी पोचली तेव्हा तिच्या आजीने जीभ हलवून असा काही ललकार काढला की अंगावर काटा आला.

पण एक सांगते, गाणारे सगळे साठीच्या पुढचे होते. चाळिशीच्या आतलं एकही पोर ओठ हलवत नव्हतं. हे मला त्या आनंदातही दिसलं, आणि अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्या काकांसारखी आणखी किती माणसं राहिली आहेत?

पुढचं तुला माहीत आहेच. काच फोडण्याआधी सगळ्यांनी मिळून "यरुशलेमा, तुला विसरलो तर माझा उजवा हात विसरो" म्हटलं. ती चाल ऐकताना मोठमोठे पुरुष डोळे पुसतात. काच फुटली आणि त्याच क्षणी डीजेने भिंती हलतील असा ढोल सोडला. पहाटे दोनपर्यंत नाच चालला. मीही नाचले, गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो म्हणून.

आता कामाचं. मी ठरवलंय, दर शनिवारी संध्याकाळी शब्बाथ सुटल्यावर आपल्या मशिदीतल्या पोरांना 'योनाती' आणि मेंदीची गाणी शिकवायची. मुलगा म्हणतोय, तोही बसेल. पण तुझी आई जात्यावर बसून एक ओवी म्हणायची, माझ्या मेंदीलाही म्हटली होती, नवरीच्या मावशीने आणलेल्या हिरव्या चुड्याची. मला तिच्या पहिल्या दोनच ओळी येतात. परवा मेंदीच्या रात्री मी त्या दोन म्हटल्या आणि गप्प बसले, माझ्यासाठी उठून पुढचं म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. कॅसेटवर ती ओवी नाही. तुला येत असेल तर फोनवर म्हणून पाठव. आवाज बसलाय वगैरे सांगू नकोस, आणि लिहून तर पाठवूच नकोस, मला ती तुझ्या गळ्यातूनच हवी.

आईंना माझा नमस्कार सांग. त्यांना आठवत असेल तर फोन त्यांच्याच हातात दे.

तुझीच,
मशिदीमागच्या घरातली